ऑइलमध्ये पाणी : ट्रॅक्टरचे इंजिन वेळीच वाचवा

नांगरटीचे दिवस आले की ट्रॅक्टरला उसंत नसते. अशा घाईत एखाद्या सकाळी ऑइलची पट्टी ओढून पाहावी, तर ऑइल कमी होण्याऐवजी खुणेच्या वर चढलेले दिसते. काही जण खूश होतात. म्हणतात, "आपलं इंजिन ऑइल खातच नाही!" पण मंडळी, ऑइल आपोआप वाढत नसते. त्यात पाणी तरी शिरलेले असते, नाहीतर डिझेल. डिझेल शिरले तर ऑइल पातळ होते आणि त्याला डिझेलचा वास येतो. पाणी शिरले तर ते दुधाच्या चहासारखे पांढुरके होते. दोन्ही घातकच. आज आपण पाण्याविषयी बोलू.

इंजिनात पाणी आणि ऑइल आपापल्या पाटाने वाहत असतात. पाणी सिलिंडरभोवती फिरून उष्णता रेडिएटरकडे नेते. ऑइल क्रँकच्या बेअरिंगांना वंगण पुरवते. या दोन पाटांमध्ये जणू बांध घातलेले असतात. पहिला बांध म्हणजे हेड गॅस्केट. दुसरा, लायनरच्या बुडाशी असलेल्या रबरी रिंगा. ज्या लायनरला बाहेरून पाणी लागते, त्यांना त्या असतात. काही ट्रॅक्टरला पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर असतो, तो तिसरा. यांतला एक फुटला, किंवा हेडला तडा गेला, की एका पाटाचे दुसऱ्या पाटात जाते. पाणीमिश्रित ऑइलला वंगणाची ताकद राहत नाही. मग बेअरिंग घासतात आणि गॅस्केटच्या कामावर भागले असते तिथे क्रँकचे काम निघते.

म्हणून पट्टीवर पांढुरके ऑइल दिसले की पहिले काम, इंजिन बंद. "एवढं एक वावर उरकून घेऊ," असे म्हणू नका. सेल्फ मारल्यावर इंजिन अडले, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून तर मुळीच चालू करू नका. पिस्टनच्या डोक्यावर पाणी साठलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता खात्री कशी करायची ते बघा.

एक : ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवा. सकाळी चालू न करता चेंबरचा खालचा नट हळूच सैल करा आणि खाली स्वच्छ भांडे धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसते आणि आधी बाहेर पडते.

दोन : पाणी ऑइलमध्ये घुसळले गेले असेल तर ते वेगळे होत नाही. अशा वेळी जुन्या पत्र्याचा तुकडा तापवून विस्तवावरून बाजूला घ्या आणि त्यावर ऑइलचे एक-दोन थेंब टाका. तडतडले तर पाणी आहे. तोंड लांब ठेवा.

तीन : इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. गरम असताना उघडले तर उकळते पाणी अंगावर येते. आत तेलाचा तवंग किंवा तपकिरी साय आहे का ते बघा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे रेडिएटरमध्ये तेल पण चेंबरचे ऑइल साफ, असे असेल तर बहुधा ऑइल कूलर किंवा गॅस्केट. उलट चेंबरमध्ये पाणी पण रेडिएटर साफ, तर लायनरच्या रिंगांवर आधी संशय घ्या.

चार : ऑइल साफ आहे, पण रेडिएटरचे पाणी रोज कमी होते आणि बाहेर गळती नाही. तर थंड इंजिन झाकण काढून चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरची हवा पाण्यात शिरते आहे. गॅस्केट गेले, नाहीतर तडा आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. थंडीच्या दिवसांत इंजिन थोडाच वेळ चालवले, तर ऑइल भरायच्या झाकणाला आतून पांढरी साय धरते. ती नुसती वाफ असते. पट्टीवरचे ऑइल साफ आहे आणि पाणी कमी होत नाही, तर घाबरू नका.

हेड उतरवण्याआधी मेस्त्रीला चेंबर काढायला सांगा. रेडिएटर पाण्याने भरून काही तास तसेच ठेवा आणि खालून बघा. लायनरच्या बाहेरच्या कडेने थेंब येत असेल तर रिंग गेली. लायनरच्या आतून, पिस्टनवरून येत असेल तर गॅस्केट, हेड किंवा लायनरला पडलेले भोक. एवढे पाहिले की नको ते काम अंगावर येत नाही. हेड उतरवले तर ते सपाट आहे का, तडा आहे का, हे तपासूनच बसवा. नट कंपनीच्या पुस्तकातल्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने आवळा. बेअरिंगही पाहून घ्या. मग ऑइल व फिल्टर बदला, रेडिएटर धुऊन काढा. दुरुस्तीविना नुसते ऑइल बदलले तर नवे ऑइलही वाया जाईल.

आणि हा प्रसंग येऊच नये म्हणून? बहुतेक वेळा मूळ असते इंजिन तापण्यात. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो, तो रोज झाडा. पंख्याचा पट्टा ढिला ठेवू नका. विहिरीचे क्षाराचे पाणी टाळून कूलंट वापरा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नका, हेडला तडा जातो. आणि रोज सकाळी, चालू करण्याआधी, पट्टी आणि रेडिएटर बघा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ऐन हंगामात ट्रॅक्टर दारात उभा राहण्यापासून ते वाचवते.