उत्तर जरा थांबवून ठेवा



लोणार तालुक्यातल्या बीबी गावच्या शाळेत सातवीच्या वर्गाला विचारा, समृद्धी महामार्ग कधी सुरू झाला? एखादी हुशार मुलगी सांगेल, नागपूर ते शिर्डी, 11 डिसेंबर 2022. शाबासकी मिळेल, तास संपेल. आता असं विचारून बघा: त्यानंतर मेहकरहून बीबीमार्गे सिंदखेडराजाला जाणाऱ्या आपल्या जुन्या रस्त्यावर काय बदललं? याचं उत्तर पुस्तकात नाही, आणि खरं म्हणजे सरांजवळही नाही. ते चहावाल्याला, पंक्चरवाल्याला, जमीन गेलेल्या शेतकऱ्याला विचारावं लागतं. तिघं तीन गोष्टी सांगतात आणि वर्गात वाद पेटतो. एरवी सनावळ्यांना कंटाळलेली पोरं मग तासाची घंटा विसरतात.

अशा शिकवण्याला स्वयंशोधन पद्धती म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1961 साली लिहिलं, की स्वतः शोधणाऱ्या मुलाला बाहेरच्या बक्षिसाची गरज कमी पडते. शोधण्यातच त्याला गोडी लागते.

आणखी एक जवळचंच उदाहरण घ्या, आपलं तालुक्याचं गाव लोणार. तिथलं सरोवर ज्वालामुखीमुळे झालं, असं अनेक अभ्यासक पूर्वी मानत. सगळीकडे लाव्हापासून बनलेला काळा बेसाल्ट खडक, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविकच. पुढे तळाशी बोअर घेतले, प्रचंड आघाताने रूप पालटलेली खनिजं हाती आली आणि 1973 च्या शोधनिबंधाने अशनीपाताचा पुरावा मांडला. आपण मात्र सहलीची गाडी निघण्याआधीच हे सांगून मोकळे होतो. मग मुलांना उरतं काय? डबा खाणं आणि फोटो! त्यापेक्षा काठावर उभं करून विचारावं, हा खड्डा कशाने पडला असेल? पाच-सात तर्क येऊ द्यावेत. मग एकेक पुरावा पुढे ठेवून कोणता तर्क टिकतो, ते त्यांनाच ठरवू द्यावं.

पण ‘शोधा रे’ म्हणून खुर्चीत बसणाऱ्या शिक्षकाचं हे काम नव्हे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी 2004 मध्ये जुन्या प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवलं, की मुलांना मोकळं सोडून देण्यापेक्षा वेळेवर इशारा देणारं मार्गदर्शन सरस ठरतं. म्हणजे शिक्षकाची तयारी दुप्पट.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, ही अडचण खरीच आहे. प्रत्येक धडा असा शिकवता येणार नाही. सत्रात एक प्रश्न निवडा. सिंदखेडराजाला 2024 मध्ये लखुजी जाधवांच्या समाधीजवळ खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. ती जमिनीखाली कशी गेली असेल, इथून सुरुवात करता येईल.