जुनी अक्षरे आणि नवी यंत्रणा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहासकार बोलतात, कायदेपंडित बोलतात, वैद्य बोलतात. आज चालकांनी एका अक्षरजुळणी करणाऱ्याला आपल्यापुढे उभे केले आहे. मी पंडित नव्हे. गिरगावातल्या एका वाडीत तळमजल्यावर दोन खोल्यांची माझी जागा आहे, आणि तीसेक वर्षे तेथे बसून मी दुसऱ्यांनी लिहिलेले संगणकावर जुळवून छापखान्याकडे पोचवीत आलो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते पोथीतले ज्ञान नसून धंद्यात ठेच लागून आलेले शहाणपण आहे. ठेच माझी असली, तरी वाट आपणा सर्वांचीच आहे, म्हणून हे धाडस.

दोन वर्षांपूर्वी लालबागहून एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचे वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, आणि २००३ साली पदरमोड करून त्याच्या पाचशे प्रती काढल्या. जुळणी माझीच. आता वडील नाहीत, प्रती संपल्या, आणि मुलीला दुसरी आवृत्ती काढायची होती. मी मोठ्या ऐटीत कपाटातून सीडी काढली. धारिका उघडली, आणि पडद्यावर जे आले ते पाहून मी तो पडदा त्यांच्यापासून जरा वळवूनच धरला. मराठीचे एक अक्षर नाही! प्रश्नचिन्हे, टिंबांची इंग्रजी अक्षरे, डॉलर, कंस यांची नुसती खिचडी. बाईंनी विचारले, "म्हणजे बाबांचं लिखाण तुमच्याकडे नाही?" मी म्हटले, "आहे हो. आहे, पण वाचता येत नाही."

सभ्य गृहस्थहो, या एका वाक्यात आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय आला. असून वाचता येत नाही, ही काय भानगड आहे?

ती उलगडायची तर प्रथम यंत्रणा म्हणजे काय ते पाहू. ज्याला आपण विंडोज किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो तो संगणकातला फोरमन समजा. छापखान्यात कंपॉझिटर आपले काम जाणतो; पण कोणी कोणत्या दगडावर फर्मा बांधायचा, कोणाला कधी यंत्र मोकळे मिळायचे, हे फोरमन ठरवतो. संगणकातले प्रोग्रॅम हे असे कारागीर. ते थेट यंत्राला हात लावीत नाहीत. जे हवे ते फोरमनकडे मागतात. यंत्रणा बदलली म्हणजे फोरमन बदलला. कारागीर तेच, पण नव्या फोरमनचे नियम निराळे.

हा फोरमन आपल्या आयुष्यात कितीदा बदलला पाहा. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने तिची देखभाल थांबवली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडत नाही. पण चोरांना नवी भोके सापडतात आणि ती बुजवणारा कोणी उरत नाही. म्हणून ज्याचे व्यवहार इंटरनेटवर चालतात त्याला हलावेच लागते. हौस म्हणून कोणी हलत नाही.

नव्या फोरमनपाशी तीन तक्रारी उद्भवतात. पहिली, काही जुन्या कारागिरांची भाषाच त्याला कळत नाही. नव्वदच्या दशकारंभीचे अनेक प्रोग्रॅम सोळा बिटांचे होते. चौसष्ट बिटांची विंडोज ते चालवीतच नाही. दुसरी, तो ओळखपत्राशिवाय यंत्रघरात कोणाला सोडत नाही. आमच्या मराठी जुळणीच्या प्रोग्रॅमबरोबर एक 'लॉक' येई, संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागेत खोचायचे. ते जाग्यावर असेल तरच मराठी उमटे. नव्या संगणकाला ती प्रिंटरची जागाच राहिली नाही, आणि त्या लॉकची ओळख पटवणारा जुना चालक-प्रोग्रॅम नव्या यंत्रणेला चालेना. लॉक हातात आहे, पैसे मोजल्याची पावती आहे, आणि दार मात्र बंद! कित्येक दिवस ते लॉक मी खिशात घेऊन फिरलो.

तिसरी तक्रार मंदगतीची. तिच्याविषयी लोक फार हळहळतात, पण तिन्हींत ती सर्वांत सोपी आहे. संगणकाची तात्पुरती स्मृती म्हणजे फर्मा बांधायचा दगड, आणि तबकडी म्हणजे मागच्या खोलीतले कपाट. दगड लहान पडला की कारागीर अर्धे काम कपाटात ठेवतो, दुसरे काढतो, ते ठेवून पुन्हा पहिले काढतो. दिवस उठाबशांत जातो. एक्सपीची किमान मागणी ६४ एमबी स्मृतीची होती. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची ४ जीबीची आहे. वीस वर्षांत दगड चौसष्ट पटींनी मोठा मागितला गेला! जुन्याच यंत्रावर नवी यंत्रणा चढवून आपण म्हणतो, पूर्वीचे बरे होते. माझा अनुभव असा, की फिरती तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसवली आणि स्मृती वाढवली, तर नवे यंत्र न घेताही बरेच दिवस निभते. विंडोज ११ मात्र सुरक्षेची विशिष्ट चिप आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर मागते. तेथे चांगले चालते यंत्रही अपात्र ठरते. तो खर्च लहान धंदेवाईकाला जड जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु मंद यंत्र पैशाने वेगवान होते. माझ्यापुढची अडचण पैशाने सुटणारी नव्हती. लॉक नव्हते, जुना प्रोग्रॅम नव्हता, त्याचा फाँट नव्हता. म्हणून साचेवाल्याच्या आठवणी वाचता येत नव्हत्या. असे का व्हावे? त्याचे मूळ संगणकात नसून याच आपल्या मुंबईच्या छापखान्यांत आहे.

जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या टायपाने देवनागरीला रूप दिले. देवनागरीचे सगळे जोडाक्षर-काना-मात्रांचे मेळ अखंड ओतायचे तर खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढते. म्हणून मुंबईत डिग्री पद्धत रूढ झाली: वरची मात्रा निराळी, मधला देह निराळा, खालचा उकार निराळा. कंपॉझिटर हे तुकडे एकावर एक रचून अक्षर उभे करी. त्याच्या खणांत 'कि' नव्हता. एक वेलांटी होती आणि एक क होता. तो जुळवी तो आकार. उच्चार वाचणाऱ्याने करायचा.

नव्वदच्या दशकात मराठी संगणकावर आली, तेव्हा तंत्रज्ञांनी हीच केस संगणकात भरली. इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या २५६ खणांत त्यांनी मराठीचे तुकडे ठेवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फाँट त्याच्यावर मराठीचा मुखवटा चढवी. शिवाय प्रत्येक कंपनीची खणांची मांडणी निराळी. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ठ'. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि खालची खिचडी दिसते. माझ्या पडद्यावर बाईंना दिसली असती ती हीच.

यावर तोड निघाली होती, आणि तीही वेळेवर. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा मानक संकेत १९९१ साली ठरला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात देवनागरीला स्वतःचे १२८ खण मिळाले. येथे वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी साठवताना व्यंजनामागून येते, जशी आपण उच्चारतो तशी. आकार गेला, उच्चार आला. विंडोजमध्ये जो 'मंगल' फाँट आला तो घडवणारे प्रा. र. कृ. जोशी तर मुंबईतच अक्षरकला शिकवीत होते. म्हणजे २००३ साली साचेवाल्यांचे पुस्तक जुळवताना योग्य मार्ग माझ्या यंत्रातच होता. मग मी तो का धरला नाही? कारण पेजमेकरला युनिकोड येत नव्हते, छापखान्याला पेजमेकर हवे होते, आणि आजचे पान आज जायला हवे होते. दोष केवळ यंत्रणेचा नव्हता, माझ्या निकडीचाही होता.

पुढे काय झाले तेही सांगतो. एका स्नेह्याच्या माळ्यावर एक्सपीचा जुना संगणक निघाला. त्यावर तो फाँट होता. खणांची मांडणी कळली, आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. हे काम पाच मिनिटांचे. नंतर वडिलांची छापील प्रत समोर ठेवून मुलगी आणि मी मुद्रिते वाचायला बसलो. ते काम तीन आठवड्यांचे. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले, वेलांट्या जोडाक्षराच्या मधोमध अडकलेल्या. एके ठिकाणी वडिलांनी चाळीच्या गणपतीत जेवणावळीसाठी 'आचाऱ्यांना' बोलावल्याचे लिहिले होते. रूपांतरात तो मराठीचा खास आडवा र हरवला, आणि दोनशे पानांचा स्वयंपाक 'आचार्यांना' करावा लागला! बाई खूप हसल्या. नंतर म्हणाल्या, "बाबांनी हे वाक्य किती वेळा खोडून लिहिलं होतं, ठाऊक आहे?" मग आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून वाचले.

आणखी एक बारीक गोष्ट. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर लोक अ ला चंद्र जोडत. आजही डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण संगणक एक शोधताना दुसरे सापडू देत नाही. आणि जुन्या एक्सपीवर नव्या 'ॲ' च्या जागी नुसता चौकोन येतो. लिपीचा करार एकदा होऊन संपत नाही, तो पाळत राहावा लागतो.

शिशाच्या काळी ही विवंचना नव्हती, असे वाटेल. खरी गोष्ट अशी, की तेव्हा आशाच नव्हती. पुस्तक छापून झाले की फर्मा सोडून खिळे आपापल्या खणांत परत जात. दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळणी. त्यामुळे जपायचे ते कागदावर, हे सर्वांना ठाऊक होते. संगणकाने आम्हांला सांगितले, 'एकदा जुळवले की कायमचे', आणि आम्ही कागदाचीही काळजी सोडली, धारिकेचीही घेतली नाही.

म्हणून यंत्रणा बदलण्यापूर्वी एवढे करा. जुना संगणक मोडीत घालण्याची घाई करू नका. त्यावर प्रत्येक महत्त्वाची धारिका उघडून पाहा. तिची एक पीडीएफ करा, म्हणजे पान जसेच्या तसे राहील. आणि मजकुराची युनिकोड प्रत करा, म्हणजे शब्द राहील. पीडीएफवर भागवू नका: जुन्या फाँटची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आतून खिचडीच असते. फाँट आणि प्रोग्रॅमच्या मूळ प्रती सांभाळा. जुन्या प्रकारच्या पोस्टस्क्रिप्ट फाँटचा आधार अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्रॅमांतून काढला आहे, तेव्हा उद्यावर ढकलू नका. लेखकांनी पुस्तकाबरोबर युनिकोड मजकूर मागून घ्यावा. तो त्यांचा हक्क आहे. आणि रूपांतरानंतर माणसाने वाचलेच पाहिजे. त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

दादर-गिरगावातल्या ग्रंथालयांच्या, मंडळांच्या, लहान प्रकाशकांच्या कपाटांत अशा किती सीडी पडून असतील! स्मरणिका, गणेशोत्सवाचे अहवाल, नाटकांच्या संहिता. त्यांतले पुष्कळसे दुसरीकडे कोठेच नाही. ज्या संगणकांवर ते उघडेल ते वर्षागणिक भंगारात चालले आहेत, आणि ज्यांना त्या खणांची मांडणी पाठ आहे अशी माझ्यासारखी माणसेही साठीपलीकडे गेली आहेत. ज्यांच्याकडे अशी सीडी असेल त्यांनी ती घेऊन यावे. तो माळ्यावरचा संगणक आता माझ्या खोलीत आहे आणि अजून चालतो. किती दिवस चालेल हे सांगवत नाही. म्हणून लवकर यावे.

लालबागच्या साचेवाल्यांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या मजकुराची एक प्रत मुलीजवळ आहे, आणि ती उघडायला माझी, माझ्या फाँटची किंवा कोणत्याही लॉकची गरज लागत नाही.