जुन्या लॅपटॉपचा जीर्णोद्धार



आठ-दहा वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने घरात आणलेला, ज्याच्यावर थोरल्या मुलाचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा झाला आणि धाकटीचा आता अर्ध्यावर आला आहे, असा लॅपटॉप जेव्हा नुसता सुरू होण्यासच पाच-सात मिनिटे घेऊ लागतो, तेव्हा याची हयात संपली, आता नवा घेतला पाहिजे, असा निकाल घरातील मंडळी एकमताने देऊन मोकळी होतात. या निकालाविरुद्ध दाद मागण्यासाठी मी आज आपल्यापुढे बोलत आहे. वाळूजच्या कारखान्यात किंवा छावणीतील एखाद्या कचेरीत नोकरी करून प्रपंच चालविणाऱ्या, छत्रपती संभाजीनगरच्या कडेला असलेल्या आमच्या पडेगावातील कुटुंबाला नव्या लॅपटॉपची रक्कम म्हणजे महिन्या-दीड महिन्याचा पगार, नाही तर वर्षभराचे हप्ते. आणि एवढा खर्च ज्या निदानाच्या भरवशावर करावयाचा, ते निदान बहुधा कोणी केलेलेच नसते.

यंत्राचे सगळे अवयव एकाच वेळी थकत नाहीत. साताठ वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे विकल्या गेलेल्या बेताच्या किमतीच्या बहुतेक लॅपटॉपांत माहिती साठविण्यासाठी हार्ड डिस्क असे. या डिस्कच्या पोटात चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे या वेगाने फिरत असते आणि एक बारीक दांडी तिच्यावर मागेपुढे सरकत हवा तो मजकूर वाचीत असते. दांडी योग्य जागी पोचून तबकडीचा नेमका भाग तिच्याखाली येईपर्यंत सेकंदाचा सुमारे साठावा हिस्सा खर्ची पडतो. आपल्या दृष्टीने हा काळ जवळजवळ शून्यच. परंतु विंडोज सुरू होताना अशी ठिकठिकाणची वाचने हजारोंनी करावी लागतात, आणि मग त्या साठाव्या हिश्शांची बेरीज मिनिटांच्या घरात जाते. या सगळ्या अवधीत ज्याला आपण मंद झाला म्हणून दोष देतो तो प्रोसेसर काहीही न करता मजकुराची वाट पाहत असतो. खात्री करून घ्यायची असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. जी खिडकी उघडेल तीत डिस्कपुढे सतत शंभर टक्के दिसत असेल आणि प्रोसेसरपुढे वीस-पंचवीस, तर दोषी कोण याचा निवाडा तेथेच झाला.

एसएसडी नावाच्या साठवणीत फिरणारा भागच नाही. तीत मजकूर चिपांमध्ये असतो आणि त्यापर्यंत पोचण्यास सेकंदाचा दहा हजारावा हिस्सा वा त्याहूनही कमी काळ पुरतो. जुन्या डिस्कच्याच मापाची, त्याच साटा जोडणीवर बसणारी एसएसडी बाजारात सहज मिळते. चार-आठ स्क्रू काढून जुनी डिस्क बाहेर घ्यावी, नवी त्या जागी बसवावी आणि जुन्या डिस्कवरील सर्व मजकूर क्लोन करून तीवर उतरवावा, एवढेच काम. सुरू होण्यास पाच मिनिटे घेणारे यंत्र त्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत कामास सिद्ध होते, आणि यासाठी पडणारा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा एक लहानसा अंश असतो. जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करण्याची ऐपत असेल, तर तो येथेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न रॅमचा, म्हणजे चालू काम हाताशी ठेवण्याच्या तात्पुरत्या जागेचा. ब्राउझरची दहा-बारा पाने उघडली की चार जीबी रॅम भरून जाते, आणि जागा संपली की यंत्र उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवू लागते. म्हणजे रॅमची तूट डिस्कला भरून काढावी लागते आणि डिस्क मंद असेल तर दोन्ही व्याधी एकमेकींना बळ देतात. आठ जीबी रॅम घरगुती कामास पुष्कळ होते. मात्र डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर या रॅमच्या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या खोबणीत दुसरी बसत नाही. शिवाय डीडीआर-थ्रीमध्येही दीड व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची असे दोन प्रकार असल्यामुळे, जुनी पट्टी सोबत नेऊन तिच्यावरचा मजकूर दुकानदाराला दाखविल्याखेरीज खरेदी करू नये. २०२५च्या उत्तरार्धापासून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी अतोनात वाढविल्यामुळे, रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत; पण त्याच कारणाने नवे लॅपटॉपही महागले, तेव्हा असलेले यंत्र जतन करण्याची किफायत त्याने कमी होत नाही.

मराठवाड्यातील यंत्रास आणखी एक उपद्रव आहे, आणि तो म्हणजे येथील धूळ व ऊन. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळीसच्या वर असताना, पंख्याच्या जाळीत धुळीची गादी साचलेली आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून तडकलेली असली, की प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचविण्यासाठी आपला वेग आपणच उतरवितो. दुपारी रखडणारा आणि पहाटे बऱ्यापैकी चालणारा लॅपटॉप साफसफाई मागत असतो; ती वर्षा-दोन वर्षांनी करून घेतली तर नव्या यंत्राची गरज कित्येकदा आपोआप लांबणीवर पडते. बॅटरीविषयी थोडक्यात एवढेच की, काहीशे वेळा भरून-रिकामी झाल्यावर लिथियम-आयन बॅटरीची धारणशक्ती उतरणारच, ती बदलून मिळते, आणि फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही वापरू नये.

अवयवांनंतर प्रश्न येतो प्रणालीचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नित्याचा आधार बंद केला. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेची अद्यतने आणखी एक वर्ष देण्याची सोय तेव्हा ठेवली. पण विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची तजवीज आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आवश्यक ठरविल्यामुळे, चांगल्या स्थितीतील असंख्य यंत्रे एका कलमाच्या फटकाऱ्याने बाद झाली. ज्याचा एकही अवयव नादुरुस्त नाही असे यंत्र केवळ हुकमाने निकामी ठरावे, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. अशा यंत्रावर लिनक्स घालता येते. लायनस टोरवाल्ड्‌स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या या प्रणालीचे मिंट, उबुंटू इत्यादी अवतार विनामूल्य मिळतात, जुन्या यंत्रांवर सुखाने चालतात, आणि त्यांत देवनागरी टंकलेखनाची सोयही आहे. परंतु ज्यांचे पोट श्रीलिपीवर चालणाऱ्या डीटीपीवर आहे, ज्यांच्या दुकानाचा हिशेब टॅलीत आहे, किंवा ज्यांना निविदा भरण्यासाठी डिजिटल सहीचे टोकन लावावे लागते, त्यांनी हा बदल पुरती चौकशी केल्याशिवाय करू नये. ही साधने विंडोज गृहीत धरून घडविलेली आहेत.

आता या विषयाशी पडेगावचा काय संबंध, ते सांगतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकी परिसरातील ग्रामस्थांनी, तीन दशकांहून अधिक काळ त्यांच्या दारात येऊन पडणाऱ्या तेव्हाच्या औरंगाबाद शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग लागले. मार्चमध्ये गाड्या मिटमिटा-पडेगावच्या बाजूस वळविल्या, तेव्हा या भागात दगडफेक आणि लाठीमार झाला आणि प्रकरण पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यापर्यंत गेले. पुढे चिकलठाणा, हर्सूल आणि कांचनवाडीबरोबर पडेगावातही कचरा प्रक्रियेचा बंदोबस्त झाला. शहराने टाकलेली वस्तू नाहीशी होत नसते, ती कोणाच्या तरी शिवारात जाऊन पडते, हे ज्ञान आम्हांला पुस्तकातून मिळालेले नाही. आणि लॅपटॉप ही काही केळीची साल नव्हे. त्याच्या सर्किटच्या पाटीवर तांबे आहे, सोन्याचा मुलामा आहे, जुन्या यंत्रांच्या डाखात शिसे आहे. हे धातू मिळविण्यासाठी तारा उघड्यावर जाळणे आणि पाट्या आम्लात बुडविणे हा देशातील कित्येक भंगार वस्त्यांचा रोजचा उद्योग आहे, आणि त्याचा धूर तेथील मुले श्वासावाटे घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांच्या पुनर्प्रक्रियेची रीतसर नोंद आहे.

आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले. ही पावले योग्य दिशेची आहेत; तथापि, रॅम आणि साठवण दोन्ही मुख्य पाटीवर कायमच्या डाखून टाकणारे लॅपटॉप आजही उघड विकले जात असताना ती पुरेशी आहेत, असे मी म्हणणार नाही. नवा घेण्याची वेळ आलीच, तर रॅम वाढविता येते काय आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येते काय, हे दोन प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी विचारावेत.

ती वेळ काही यंत्रांवर येतेच. मुख्य पाटी जळाली, प्रोसेसर पंधरा वर्षांचा झाला, किंवा व्हिडिओ संपादनासारखे जड काम अंगावर आले, तर जुन्यावर पैसा घालणे व्यर्थ होय. तेव्हाही ते यंत्र भंगाराच्या भावात वजनावर देऊ नये, आणि बॅटरी तर घंटागाडीत कदापि टाकू नये, कारण दबलेली लिथियम बॅटरी कचऱ्याच्या ढिगात पेट घेऊ शकते. ती नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडेच गेली पाहिजे. डिस्क आधी काढून घ्यावी. फाइल पुसल्याने बहुधा तिची केवळ नोंद जाते, मजकूर तसाच राहतो, आणि त्या मजकुरात आपल्या आधार कार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सर्व काही असते. ही डिस्क यूएसबीच्या लहान पेटीत बसवली की घरातील छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यास कामी येते. उरलेले यंत्र दुरुस्तीच्या कारागिराला द्यावे. त्याचा पडदा, कीबोर्ड, बिजागऱ्या आणि चार्जर तो काढून ठेवतो, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या एखाद्या घरचा त्याच बनावटीचा लॅपटॉप त्याच्याकडे आला, की तेच भाग त्याला लावतो.