वटवाघळे, करोना विषाणू आणि आपण

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



गावाच्या वेशीवरील वडाला लटकलेली वटवाघळे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यांच्याविषयी थोडी भीती पूर्वीही होती. २०२० साली कोविडची साथ आली आणि त्या भीतीचे वैरात रूपांतर झाले. झाडे तोडा, वटवाघळे हाकला, अशी भाषा ऐकू येऊ लागली. म्हणून या बाबतीत शास्त्र काय सांगते, हे पाहणे अगत्याचे आहे.

करोना विषाणूंचे कुळ मोठे आहे. त्यांच्या पृष्ठभागावर काट्यांसारखे उंचवटे असतात. हे काटे पेशीवरील विशिष्ट प्रथिनाशी जुळले, तरच विषाणूला आत शिरकाव मिळतो. वटवाघळांतील बहुसंख्य करोना विषाणू माणसाला बाधल्याचे आढळलेले नाही.

सार्सचे उदाहरण बोलके आहे. २००२ च्या नोव्हेंबरात चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात हा रोग उद्भवला. जगात ८,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि ७७४ दगावले. तेथील बाजारात विकल्या जाणाऱ्या उदमांजरांत जवळजवळ तसाच विषाणू सापडला. २००४ च्या जानेवारीत हजारो उदमांजरे मारण्यात आली. पुढे २००५ साली संशोधकांना या विषाणूचे आप्त नालनाक्या वटवाघळांत आढळले. वटवाघूळ हे मूळ घर आणि उदमांजर हा मधला दुवा, असा उलगडा झाला. परंतु रानातील प्राण्यांना पिंजऱ्यात कोंडून, दाटीवाटीने बाजारात मांडले कोणी? माणसानेच!

२०१२ साली सौदी अरेबियात प्रथम ओळखल्या गेलेल्या मर्स रोगात माणसाला संसर्ग उंटांकडून होतो. कोविडच्या विषाणूचे निकटचे आप्त चीनच्या युन्नान प्रांतातील आणि लाओसमधील वटवाघळांत मिळाले आहेत. त्यांची जनुकीय रचना सुमारे ९६ ते ९७ टक्के जुळते. तथापि उरलेले अंतर कित्येक वर्षांच्या उत्क्रांतीचे आहे. हा विषाणू माणसापर्यंत नेमका कसा पोहोचला, हे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी व हिमाचल प्रदेश येथील फळभक्षी वटवाघळांत त्यांना करोना विषाणू आढळले. मात्र ते कोविडचे विषाणू नव्हते.

यावरून आपले कर्तव्य स्पष्ट होते. वटवाघळांची वसतिस्थाने उद्ध्वस्त करू नयेत. विस्कटलेले थवे नव्या जागी जातात आणि माणसाशी त्यांचा संपर्क उलट वाढतो. आजारी वा मेलेल्या वटवाघळास उघड्या हाताने स्पर्श करू नये. कुरतडलेली फळे खाऊ नयेत. शिक्षकांनी हे मुलांना सांगावे आणि वेशीवरील वड तोडण्याचा विषय सभेपुढे आल्यास सदस्यांनी तो विचारपूर्वक हाताळावा.

ही वटवाघळे रात्रभर पिकांवरील कीटक टिपतात, फुलांचे परागीभवन करतात, रानात बी पसरवतात. त्यांच्यापासून योग्य अंतर राखून त्यांना सुखाने राहू देणे, यातच आपलेही आरोग्य आहे.