पाण्यावर तरंगणारी रुई

आज खिशात दोन बोळे घेऊन आलोय. एक जिनिंगमधल्या रुईचा, दुसरा औषधाच्या दुकानातल्या कापसाचा. समोर पाण्याचे दोन ग्लास आहेत. पहिला बोळा टाकला, तरंगतोय. दुसरा बघता बघता बुडाला. औषधी कापूस दहा सेकंदांत बुडालाच पाहिजे, अशी कसोटीच असते.

खामगावकरांना कापूस मी काय शिकवणार! 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव रेल्वेच्या उद्घाटनाला आला, तो कापसाच्या गाठींपायीच. पण हे दोन्ही बोळे एकाच सेल्युलोजचे आहेत. फरक कातडीचा. कच्च्या धाग्यावर मेणाचा पापुद्रा असतो, वजनाच्या जेमतेम एक टक्का. तेवढ्यानं पाणी अडतं. तेल अडत नाही, म्हणून समईतली वात बिनधुतल्या कापसाची चालते. कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढलं की तोच धागा पाणी पितो.

आता कातडीचा हाच खेळ नॅनोतंतूंमध्ये पाहू. सुईच्या टोकाशी पॉलिमरचा द्राव, त्याला काही हजार व्होल्टचा दाब. थेंब ताणला जातो आणि हवेतच वाळून धागा होतो. अँटन फॉर्महाल्सनं याचं पेटंट 1934 मध्ये घेतलं होतं. कापसाचा तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन जाड, हा कित्येकदा अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक. शरीरातलं कोलॅजनचं जाळंही याच मापाचं. तेव्हा जखमेवर अशा तंतूंची जाळी ठेवली की पेशींनी तिथं बिऱ्हाड थाटायला हवं. पण ही जाळी ज्याची करतात, ते पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखं प्लास्टिक शरीरात हळूहळू विरत असलं तरी त्याला पाण्याचं वावडं. पेशींना पकड देणारी प्रथिनं त्यावर नीट बसत नाहीत.

उपाय काय? पुन्हा कॉस्टिक सोडाच! मात्र उकळायचं नाही, कारण हे प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास वितळतं. सोडा पृष्ठभागावरच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि पाण्याला धरणारी टोकं उघडी पडतात. खरी मेख इथंच आहे. रुईवरचं मेण वेगळं होतं, ते सोलून काढता आलं. इथं कातडी आणि मांस एकच. जी झीज रुईला जाणवणारही नाही, तिनं हा धागा तुटतो.

प्लाझ्मा त्याहून हलक्या हाताचा. विजेनं चेतवलेला ऑक्सिजन अगदी वरचा थर तेवढा बदलतो. पण हे काम शिळं होतं. काही दिवसांत साखळ्या आत वळतात आणि पाण्याचं वावडं परत येऊ लागतं.

मला सर्वांत आवडते ती शिंपल्यांची युक्ती. खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या डिंकावरून 2007 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डोपामिनचा लेप काढला. जाळी त्या द्रावात बुडवली की पातळ, तपकिरी थर बसतो. त्यावर प्रथिनं टिकतात. चांदीच्या क्षाराच्या द्रावात घातली तर चांदीचे कणही धरतात.

चांदी म्हटल्यावर खामगावच्या सराफांचे कान टवकारणारच! जंतूंना मारणारी चांदी जास्त झाली, तर जखम भरणाऱ्या पेशींनाही सोडत नाही. सराफा चांदीचा टंच बघतो. जाळीवरची चांदी तासाला किती सुटते, ते बघावं लागतं.