पलंगाला पाय आहेत का?

आजचा विषय ठरला होता 'तान्ह्या बाळासाठी बेडसाइड कॉट कशी निवडायची'. विषय तोच आहे, पण सुरुवातीलाच सांगून टाकतो की आमच्या घरी कॉटपेक्षा पलंगानंच जास्त डोकं खाल्लं. त्यामुळे अर्धा वेळ मी पलंगाबद्दल बोलेन.

मी भांडुप पश्चिमेला राहतो. वन बीएचके. आई, बाबा, मी, बायको, आणि गेल्या पावसाळ्यापासून आमची चिमणी. बेडरूम दहा बाय नऊ. त्यात सहा बाय पाचचा पलंग, एक कपाट, आणि कपाटाचं दार उघडलं की पलंगावर चढून पलीकडे जायचं, अशी परिस्थिती. मुंबईत बऱ्याच जणांना हे चित्र डोळ्यासमोर आणायला फार कष्ट पडणार नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेडसाइड कॉट म्हणजे काय? छोटा पाळणाच, पण न झुलणारा. तीन बाजूंना जाळीची भिंत, चौथी बाजू चेन उघडून खाली पाडता येते. ती उघडी बाजू आईच्या पलंगाला चिकटवायची आणि पट्ट्यांनी घट्ट बांधायची. बाळ आपल्या गादीवर, आई आपल्या गादीवर, आणि मध्ये फक्त हात लांब करायचं अंतर. रात्री दर दोन तासांनी पाजायचं असतं, तेव्हा उठून खोलीभर चालायला नको.

आईला हे कळल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे बाळ आईजवळ झोपवायचं, पण जवळ नाही झोपवायचं?" खरं सांगायचं तर यापेक्षा नेमकी व्याख्या मला इंटरनेटवर कुठे सापडली नाही.

आता मी पडलो इंजिनियर. मी एक्सेल शीट केली. अकरा मॉडेल, चौदा कॉलम. वजनाची मर्यादा, उंचीच्या किती पायऱ्या, चाकं आहेत का, चाकांना ब्रेक आहे का, कव्हर धुता येतं का, मच्छरदाणी सोबत येते का. मच्छरदाणीच्या कॉलमला मी सगळ्यात जास्त मार्क ठेवले होते, कारण भांडुपमधला पाऊस आणि भांडुपमधले डास हे दोन्ही मी लहानपणापासून बघतोय.

वाचता वाचता बऱ्याच गोष्टी कळल्या. बाळाला पाठीवर झोपवायचं, ही साधी गोष्ट जगाला फार उशिरा समजली. इंग्लंडमध्ये 1991 साली अ‍ॅन डायमंड नावाच्या टीव्ही निवेदिकेचं बाळ झोपेत दगावलं, त्यानंतर त्यांनी 'बाळाला पाठीवर झोपवा' म्हणून मोहीम लावून धरली. अमेरिकेत तशी मोहीम 1994 ला सुरू झाली. त्यानंतर दोन्हीकडे असे मृत्यू खूप कमी झाले. ना औषध, ना मशीन. फक्त पालथं नाही, उताणं.

दुसरी गोष्ट उताराची. आपल्याकडे अनेक कॉट 'एका बाजूने उचलता येते, दूध वर येत नाही' असं सांगून विकतात. माझ्या शीटमध्ये त्याचाही कॉलम होता आणि मी तो चांगला गुण म्हणून धरला होता! मग वाचलं की फिशर-प्राइस कंपनीनं 2019 च्या एप्रिलमध्ये त्यांचं 'रॉक अँड प्ले' हे कललेलं बाळ-आसन परत मागवलं. जवळपास 47 लाख नग. त्यात झोपलेल्या तीसहून जास्त बाळांचे मृत्यू नोंदले गेले होते. उतारावर बाळाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडते. त्याला मान उचलायचं बळ नसतं. अमेरिकेत 2022 साली कायदाच झाला, दहा अंशांपेक्षा जास्त कललेली झोपायची साधनं विकायची नाहीत. कॉटच्या कडेला बांधायच्या मऊ उशांच्या झालरीही बंद. मी त्या कॉलमचे मार्क शून्य केले. आमच्या बाळाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, गादी सपाट आणि कडक हवी, आणि कॉटमध्ये बाळाशिवाय काही नको.

'काही नको' म्हणजे काय ते आईला सांगणं हा वेगळा एपिसोड होईल. तिनं सातव्या महिन्यातच मोहरीची उशी शिवून ठेवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. कुंची, टोपडी, चार दुपटी, आणि माझ्याच लहानपणीच्या दोन गोधड्या. यातलं एकेक बाहेर काढताना मला खलनायक व्हावं लागलं. टोपडं बाहेर जाताना घालू, घरात झोपताना नको, कारण बाळाचं अंग डोक्यातून गार होतं आणि आपल्याकडे जूनच्या उकाड्यात थंडीपेक्षा गरमीची भीती जास्त, असं डॉक्टरांकडूनच वदवून घेतलं. माझं कोण ऐकतो.

पण आईचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. ती म्हणाली, "तू माझ्याच कुशीत झोपलास. चाळीत सगळीच पोरं आईच्या कुशीत झोपायची. तुमची अमेरिका काय सांगते मला?" अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळ आईबाबांच्या खोलीत हवं, निदान पहिले सहा महिने, पण त्याच गादीवर नको. आणि जेम्स मॅकेना नावाचे मानववंशशास्त्रज्ञ, तेही अमेरिकेतलेच, आयुष्यभर सांगत आले की अंगावर पाजणारी आई आणि बाळ शेजारी झोपणं ही माणसाची जुनी, नैसर्गिक रीत आहे. म्हणजे भांडण तिकडेही आहे.

माझं मत विचाराल तर आई झोपायची ती जमिनीवर, पातळ कापसाच्या गादीवर. आजूबाजूला पडायला जागा नाही, रुतायला फोम नाही. आम्ही झोपतो ते आठ इंचांच्या मेमरी फोमवर, दोघं, त्यातला एक रात्री दीडला ऑनकॉल संपवून मेल्यासारखा झोपणारा. आईची रीत उचलायची तर आईची गादीही उचलायला हवी. नुसती रीत उचलून चालणार नाही.

तर कॉट ठरली. साडेनऊ हजार. आठवा महिना चालू होता. आणि तिथं आई आडवी आली, "बाळ यायच्या आधी पाळणा घरात आणायचा नाही." हा पाळणा नाही, असं मी म्हणालो. "रिकामा पाळणा रिकामाच," ती म्हणाली. बायकोनंही हळूच सांगितलं की राहू दे, मलाही नको वाटतंय. तिच्या मनातली भीती मला समजत होती. मग मुलुंडच्या एका मित्राच्या घरी तो खोका ठेवला. न उघडता.

इथं माझी चूक झाली. खोका न उघडण्याची नव्हे, ती त्या दोघींसाठी होती आणि मी पुन्हाही तसंच करीन. चूक ही की चौदा कॉलमांत एकही कॉलम माझ्या स्वतःच्या पलंगाचा नव्हता.

बाळ झालं. सिझर. चौथ्या दिवशी घरी आलो, मित्र खोका घेऊन आला, अर्ध्या तासात मी कॉट जोडली, बेडरूममध्ये नेली. आणि ती पलंगाला लागेचना. बेडसाइड कॉटचे पाय पलंगाखाली सरकतात. तशीच ती बनवलेली असते, पुढचे पाय आत जातात म्हणूनच कड कडेला भिडते. आणि आमचा पलंग हायड्रॉलिक स्टोरेजचा. जमिनीपर्यंत प्लायवुड. आत उन्हाळ्यातल्या रजया, लग्नातली भांडी आणि माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं. खाली सरकायला एक सेंटिमीटर जागा नाही. वन बीएचकेमध्ये असा पलंग नसेल तर सामान ठेवायचं कुठे, सांगा. म्हणजे ज्या घरांत जागा नाही म्हणून ही कॉट घ्यायची, त्याच घरांतल्या पलंगांना ती लागत नाही.

मी जुगाड केला. पाय उलटे फिरवले, पट्ट्या गादीखालून घेतल्या, ओढून बांधल्या. दिसायला अगदी फोटोतल्यासारखं. आठ दिवस चाललं.

नवव्या रात्री, तीन वाजले असतील, बायकोनं पाजून बाळ आत ठेवलं आणि कूस वळायला कोपरावर भार दिला. फोमची कड दबली, आणि कॉट टाइल्सवर सरकली. आवाजसुद्धा झाला नाही. मी पाणी प्यायला उठलो म्हणून मोबाइलचा उजेड पडला. गादी आणि कॉट यांच्यामध्ये चार बोटांची फट होती, आणि बाळाच्या पायाशी असलेलं दुपट्याचं टोक त्या फटीत खाली लोंबत होतं. बाळ जागेवरच होतं. उताणं, दोन्ही हात वर करून, ऐटीत.

मी तिथंच खाली बसलो. बायकोला उठवलं नाही. कॉटची चौथी भिंत वर केली, चेन लावली आणि सकाळपर्यंत कॉटची दांडी धरून बसलो. इतक्या लहान बाळाला लोळता येत नाही, हे मला माहीत होतं. पण मोठ्यांची गादी दबते, उतार होतो, कापड ओढलं जातं. आणि त्या फटीत तोंड गेलं तर रडण्याचा आवाजही येत नाही.

सकाळी बायको म्हणाली, "भिंत वर ठेवायची असेल तर मी तिला दर वेळी वरून उचलणार कशी? टाके आहेत मला." दोघांचंही बरोबर. एक तर फट, नाहीतर टाके. कंपनीला फोन केला, तिकडून उत्तर आलं की मॅन्युअलमध्ये 'पाय असलेल्या पलंगासाठीच' असं लिहिलेलं आहे. होतं. पान सतरा.

बाबा हे सगळं हॉलमधून ऐकत होते. बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. आता तो कारखाना नाही, तिथं टॉवर आहेत. ते आत आले, चष्मा लावला, स्टीलची पट्टी आणली. फट मापली. मग पलंगाच्या कडेवर हातानं दाब दिला आणि पुन्हा मापली. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, मी सगळी मापं रिकाम्या पलंगाची घेतली होती. बाबा म्हणाले, "मशीन चांगलं आहे रे. फाउंडेशन चुकलंय. माझी खाट घ्या."

बाबांची खाट म्हणजे हॉलमधला लोखंडी सिंगल पलंग. अँगलचे चार पाय, वर पट्ट्या, त्यावर चार इंचांची कापसाची गादी, दगडासारखी. कॉटचे पाय खाली सरळ सरकले. उंचीची तिसरी खाच आणि गादीची वरची कड एका रेषेत. पट्ट्या गादीला नाही, लोखंडी अँगलला बांधल्या. बाबा स्वतः पलंगाच्या कडेवर बसले, उठले, पुन्हा बसले. फटीत पट्टीचं टोकही जाईना. मग मला म्हणाले, "आता तू बस, तुझं वजन जास्त आहे."

तेव्हापासून जवळपास पाच महिने आमच्या घरची व्यवस्था अशी होती. हॉलमध्ये पडदा लावून बायको आणि बाळ, खाली जमिनीवर आई. आणि बेडरूममध्ये, अठ्ठावीस हजारांच्या हायड्रॉलिक पलंगावर, मेमरी फोमवर, मी आणि बाबा. बाबा घोरतात. मीही घोरतो म्हणे. पाहुणे आले की दारातच समजायचं की आज बसायला खुर्ची नाही. माझ्या टीममधल्या कुणालाही मी हे अजून सांगितलेलं नाही, आता ऐकतीलच.

ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी एवढंच. आधी पलंगाखाली वाका. पाय आहेत का बघा. मग गादीच्या कडेवर घरातलं सगळ्यात जड माणूस बसवा आणि तेव्हाची उंची मापा. कॉटची गादी थोडी खाली असली तर चालते, वर असता कामा नये. कॉटच्या स्वतःच्या गादीभोवती दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. फट भरायला टॉवेल, उशी, गोधडी काही घालायचं नाही, हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. घट्ट बसतच नसेल तर भिंत वर करा आणि शेजारी उभी करा, ती साधी कॉट म्हणून चांगलीच आहे. टाके असतील तोपर्यंत बाळ उचलून द्यायचं काम नवऱ्याचं. आणि आई पाजता पाजता पेंगत असेल, ती पेंगणारच, तर सोफ्यावर बसून पाजू नका. सोफ्यावर बाळासकट डोळा लागणं हे पलंगापेक्षाही वाईट. हे सगळे एकमुखानं सांगतात.

रंग, ब्रँड, चाकं, याबद्दल मला काही बोलायचं नाही. चाकं आम्ही एकदाही वापरली नाहीत.

साडेपाचाव्या महिन्यात चिमणी हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागली. मॅन्युअलमध्ये त्याच पानावर लिहिलं होतं की तेव्हा कॉट बंद करायची. तशी केली. बाबांची खाट बाबांना परत मिळाली. मोहरीची उशी कॉटमध्ये कधी गेली नाही, सध्या बायको तिच्यावर मोबाइल उभा करून माहेरी चिपळूणला व्हिडिओ कॉल करते. आईनं ते बघितलंय. काही बोलली नाही.

कॉट आता ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडे चाललीय, कांजुरला. काल तिचा मेसेज आला, "आमचा पलंग अठरा इंच आहे, बसेल ना?" मी विचारलं, "पलंगाला पाय आहेत का?" तिनं फोटो पाठवला. खालपर्यंत प्लायवुड. तर येत्या रविवारी मी आणि बाबा स्टीलची पट्टी घेऊन कांजुरला जातोय.