बेघराला दंड नव्हे, परवडणारी खोली



१९८१ सालचा जुलै महिना. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना त्यांच्या मूळ गावी परत धाडण्याचा निर्णय तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केला आणि ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडल्या गेल्या. तमिळनाडूतील सालेमहून वीस वर्षांपूर्वी आलेल्या एका मजुराचे बिऱ्हाड असेच मोडले. कुटुंबासह त्याला सालेमच्या बसमध्ये बसवण्यात आले. पुढे काय झाले? बायको आणि मुली गावी राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात परतला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. दुसरा गृहस्थ आपल्याच संगमनेरचा. गावी चपला-जोडे शिवून दिवसाकाठी सात-आठ रुपये मिळत. म्हणून १९६९ साली तो मुंबईत आला, बदली कामगार म्हणून महिना साडेतीनशे रुपयांवर लागला आणि तुळशीवाडीच्या पदपथावर त्याने आडोसा केला. जानेवारी १९८० मध्ये तो मोडला गेला; त्याने पुन्हा उभारला. या हकिकती कादंबरीतल्या नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्या नोंदलेल्या आहेत.

दोघांनाही काम हवे होते आणि ते त्यांनी मिळवलेही होते. त्यांच्यापाशी नव्हती ती कामाच्या जवळची, मिळकतीत बसणारी खोली. बसचे तिकीट काढून दिल्याने ती उणीव भरून निघणार नव्हती.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने या प्रकरणी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच वेळी पदपथ हे पादचाऱ्यांसाठी असून तेथे कायम वस्ती करण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही स्पष्ट केले. या निकालाचा पूर्वार्ध काही जण उचलतात, उत्तरार्ध काही जण. दोन्ही एकत्र वाचले तर प्रश्न उरतो तो एवढाच : पदपथ मोकळा करायचा, तर माणसाने जायचे कोठे?

शिक्षेने काय साधते?

१९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने या प्रश्नाला 'कोठडीत' असे उत्तर दिले. उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही या कायद्याच्या व्याख्येत सापडू शकतो. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, पुढे तर दहा वर्षांपर्यंत. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील प्रमुख दंडात्मक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

कायद्याचा भाग बाजूस ठेवून व्यवहार पाहावा. हमाली करणारा बेघर माणूस महिनाभर डांबला की त्याचे काम दुसऱ्याकडे जाते. पालिकेच्या गाडीत त्याचे गाठोडे जाते आणि त्याबरोबर असतील नसतील ती कागदपत्रेही. सुटल्यावर तो येतो त्याच पदपथावर, पूर्वीहून अधिक निराधार होऊन. त्याला कोठडीत पोसण्याचा खर्च मात्र करदात्याच्या माथी बसतो.

हरवलेली भाड्याची खोली

एके काळी या महानगराला याचे उत्तर ठाऊक होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची, पण डोक्यावर छप्पर होते. गिरणगावात कोकणातल्या कित्येक गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. पाळीपाळीने माणसे तेथे पाठ टेकत आणि खाणावळीत जेवत. गावाहून आलेला तरुण पहिल्या रात्री रस्त्यावर पडत नसे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा होता. परंतु गोठलेल्या भाड्यात मालकाला ना दुरुस्ती परवडे, ना भाड्यासाठी नवी इमारत बांधावीशी वाटे. पुढे 'घर म्हणजे मालकीचेच घर' हे सूत्र रूढ झाले. झोपडपट्टी पुनर्वसनातही झोपडीचा पुरावा लागतो. उघड्यावर झोपणाऱ्याने पुरावा कशाचा दाखवायचा?

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले. त्यांपैकी मुंबईत सुमारे ५७ हजार. त्याच जनगणनेच्या आधारे २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद केले. याचा अर्थ कोणाचे घर हिसकावून घ्यावे असा नव्हे. विटा-सिमेंटची टंचाई नाही. टंचाई आहे ती गरिबाला पेलणाऱ्या भाड्याची.

घर आधी

फिनलंडने २००८ पासून 'घर आधी' हे धोरण राबवले. आधी व्यसन सोड, नोकरी मिळव, मग घर, हा क्रम त्यांनी उलटा केला. आधी रीतसर भाडेकरार आणि किल्ली, सोबतीला समाजसेवक. सामूहिक निवाऱ्यांचे रूपांतर स्वतंत्र सदनिकांत झाले. १९८७ मध्ये तेथे अठरा हजारांहून अधिक बेघर होते; २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आले. २०२४ मध्ये संख्या पुन्हा काहीशी वाढली. म्हणजे हे काम एकदा करून विसरण्याचे नव्हे.

भारत म्हणजे फिनलंड नव्हे, हे खरे. परंतु पायऱ्या आपल्यालाही बांधता येतील. पहिली पायरी रात्रनिवाऱ्याची. लाख लोकसंख्येमागे एक निवारा हा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला निकष धरला, तर मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. दुसरी पायरी स्वस्त भाड्याच्या खोलीची. कोरोनाकाळात मजुरांचे तांडे पायी गावी निघाले, तेव्हा या पायरीची उणीव साऱ्या देशाने पाहिली. जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आणली. चंडीगढ, सुरत अशा मोजक्या शहरांत रिकामी सरकारी घरे भाड्याने दिली गेली. तिचा विस्तार व्हायला हवा. मालकीचे घर ही तिसरी पायरी. मधली पायरीच नसेल तर चढणार कसे?

फुकट दिले की लोंढे येतील, ही शंका रास्त आहे. पण येथे मागणी फुकटाची नाही. बेघरांतही कमावते आहेत. भाडे दरमहा भरतील, ते मिळकतीच्या प्रमाणात असावे एवढेच. वृद्ध, आजारी, मनोरुग्ण यांचा भार मात्र समाजाने उचलावा लागेल.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा हे एक सूत्र आहे. हाती खराटा घेऊन रस्ता झाडणाऱ्या या संताने पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या. रस्ता स्वच्छ हवा आणि माणसाला आसराही हवा, यात त्यांना विरोध दिसला नाही. आपल्या प्रभागात निवारे किती, त्यांतले उघडे किती, हे प्रत्येकाने नगरसेवकाला विचारावे. पदपथावरच्या एका कुटुंबाला आधार कार्ड आणि शिधापत्रिका मिळवून देण्यासाठी हेलपाटे घालावेत. पदपथ त्यानेही मोकळा होईल, आणि हटवलेला माणूस पुन्हा तेथेच येऊन झोपणार नाही.